चौथ्या नंबरचा दिवा

त्या रविवारी नागसेन परतवाड्याला उतरला तो एका खोक्यासाठी. तारीख एक सप्टेंबर, दोन हजार चोवीस. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्हा पोरांतला रोहित मध्येच ‘आबाजी, नक्की कधी?’ करून मला अडवणार नाही. दुसऱ्या दिवशी पोळा होता. बाजारात झुली, घुंगरमाळा, शिंगं रंगवायचे डबे यांची रेलचेल. पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता आणि लोकही घरी जायचं नाव घेत नव्हते. नागसेनने एसटी स्टँडवर पार्सलच्या खिडकीत सही केली, खोकं दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलं, मोटरसायकलच्या टाकीवर पोटाशी धरलं आणि घाटाला लागला.

नागसेन म्हणजे आपल्या मागच्या गल्लीतला, आता अकोल्याला माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहे तोच. बारीक, चष्मेवाला, बोलायला लागला की समोरच्याच्या शर्टाच्या बटणाशी बोलणारा. त्याचा बाप आणि मी एकाच सरकारी कचेरीत पावसाची मापं गोळा करण्यात जन्म काढला. त्यामुळे ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. याच गच्चीवर, त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्याने ती मला सांगितली. आणि नागसेन खोटं सांगत नाही. त्याच्या नोकरीची माती त्या एकाच गुणाने केली.

चिखलदऱ्याच्या पुढे पठार जिथे एकदम संपतं आणि खाली दरी सुरू होते, तिथे एका संस्थेचं केंद्र होतं. दोन खोल्या, वर सपाट गच्ची, गच्चीवर नळकांडी आणि यंत्रं. काम काय, तर ढग तपासायचे. हसू नका. पावसाळ्यात तिथे ढग आभाळात नसतो, दारात असतो. खिडकी उघडी राहिली तर खाटेवर येऊन बसतो. खालच्या मैदानातून चुलींचा धूर, कपाशीच्या पऱ्हाट्या जाळल्याचा धूर, रस्त्याची धूळ, ट्रकांची काजळी असं सगळं वर चढतं, आणि त्या कणांवर पाणी धरतं तेव्हा ढगाचा थेंब होतो. नागसेन आपल्या बायकोला, मायाला समजावून सांगायचा, “ढगातल्या एकेका थेंबाच्या पोटात एक कण असते. कणच नसन, तर थेंब कायच्या भरवशावर उभा राहीन?” ते कण किती आणि कशाचे हे कळलं, की पाऊस कधी येतो आणि कधी हुलकावणी देतो याचा थोडा तरी पत्ता लागेल, म्हणून हा सगळा खटाटोप.

खोक्यातल्या चकत्या त्यासाठीच होत्या. पुरीएवढ्या, कागदाच्या, पांढऱ्याशुभ्र, एकेक वेगळ्या डबीत आणि प्रत्येकीवर नंबर. गच्चीवरच्या नळकांड्यात एक चकती बसवायची, पंप लावायचा, चोवीस तास हवा ओढू द्यायची. पांढरी चकती राखाडी होऊन निघते, ती मुख्य ऑफिसला पाठवायची. फक्त महिन्याच्या एक तारखेला चकती बसवायची, पण पंप लावायचा नाही. तिला कोरी चकती म्हणत. ती जशी आत गेली तशीच पांढरी बाहेर आली पाहिजे. आपल्या हाताची काही घाण तिला लागत नाही ना, याची ती परीक्षा. म्हणून चिमट्याशिवाय तिला शिवायचंसुद्धा नाही.

यंत्रं आपापली चालायची. पण यंत्रावरही कोणाची तरी नजर हवी, म्हणून दर तीन तासांनी माणसाने बाहेर जायचं, आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि रजिस्टरात लिहायचं. आभाळ किती झाकलंय, ढग कसला आहे, कुठपर्यंतचं दिसतंय. दिवसा एखादं झाड, एखादी टेकडी पाहून अंतर सांगता येतं. रात्री दिव्यांवरून सांगायचं. भिंतीवर यादी चिकटवलेली होती. पहिला दिवा फाटकावरचा, शंभर मीटर. दुसरा विश्रामगृहाचा, सातशे मीटर. तिसरा मोबाईल टॉवरचा लाल, अडीच किलोमीटर. जो दिवा दिसला तिथपर्यंत नजर जाते, जो दिसला नाही त्याच्या अलीकडे ढग आहे. सरळ हिशेब. चौथ्या नंबरवर मात्र शाईची रेघ मारलेली होती. रेघेखालचं वाचता यायचं: पश्चिमेचं टोक, कंदील, चारशे मीटर.

जुलैपासून नागसेनला तो चौथा दिवा दिसायला लागला.

पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याला काहीच वाटलं नाही. रात्री अडीचची नोंद होती. ढग इतका दाट की फाटकावरचा दिवासुद्धा गडप. आणि पश्चिमेला, दरीच्या अंगाला, एक बारका पिवळा दिवा. हलत नव्हता, फडफडत नव्हता. असेल कोणी मध काढणारा, म्हणून याने जे दिसलं ते लिहून टाकलं. फाटकाचा दिवा दिसत नाही. पश्चिमेला सुमारे चारशे मीटरवर एक दिवा दिसतो.

चार दिवसांनी ऑफिसातून पान परत. त्या ओळीवर लाल शेरा: अमान्य.

महिनाभरात असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी गीतांजली मॅडमचा फोन आला. या बाई मुख्य ऑफिसात नोंदी तपासायच्या. वाईट नव्हत्या, कामाच्या चोख होत्या. पण चोख माणसाशी भांडण करणं फार अवघड.

“नागसेन, यंत्र सांगतंय साठ मीटरच्या पुढचं दिसत नाही. आणि तुम्ही चारशे मीटरवरचा दिवा पाहताय. दोघांपैकी एक चुकतंय.”

“मॅडम, मले दिसला म्हणून लिहिला. फाटकाचा दिसला नाई, तेबी लिहिलं ना मी.”

“जवळचा दिसत नाही आणि लांबचा दिसतो? तुम्ही बी.एस्सी. आहात ना?”

“तेच तर मले समजून नाई राहिलं.”

“तुम्ही खोलीत बसून नोंदी करत नाही ना?”

आता हे ऐकून त्याच्या डोक्यात तिडीक गेली. भर पावसात, पायाला जळवा लागलेल्या असताना, रात्री अडीचला एकही दिवस न चुकवता बाहेर जाणारा माणूस हा. “मी काहून खोटं लिहू मॅडम? खोटंच लिहायचं असतं तर तुमचा साठचा आकडा पाहून तोच उतरवला नसता का?”

“मग तोच उतरवत जा ना,” बाई वैतागून म्हणाल्या. “सगळ्यांचाच त्रास वाचेल.”

त्याने फोन ठेवला. खरं लिहिलं तर खोटारडा, आणि खोटं लिहिलं तर चोख. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हेच पाहिलं बाबांनो, त्यामुळे त्याचा संताप मला नवीन नव्हता. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळताच तो पश्चिमेच्या टोकापर्यंत जाऊनही आला. तिथे गंजलेला एक लोखंडी खांब होता, वर अडकवायचा वाकवलेला आकडा होता, आणि आकड्याला काही नव्हतं. खांबाच्या पुढे चार पावलांवर दरी.

“आबाजी, पन तो कंदील होता कोनाचा?” हे आचल विचारणार, मला माहीत होतं.

तो कंदील भगवंतचा. हे नागसेनला ठाऊक नव्हतं आणि मी त्याला सांगितलं नव्हतं. नवीन नोकरीवर निघालेल्या पोराला कोण असलं काही सांगेल? माझी तिथे चूक झाली, हे मला मान्य आहे.

भगवंत कौंडण्यपूरचा, फुलांचे मळे असलेल्या घरातला. आमच्याच कचेरीत, माझ्या शेजारच्या टेबलावर सोळा वर्षं बसला. निवृत्त झाल्यावर त्या केंद्रावर रात्रपाळीचा निरीक्षक म्हणून लागला. पश्चिमेला सगळी दरी, तिकडे एकही दिवा नाही, मग रात्री तिकडचं अंतर सांगायचं कसं? दुसरा कोणी असता तर अंदाजाने आकडा ठोकून मोकळा झाला असता. यानं स्वतःचं रॉकेल घालून एक कंदील घेतला आणि रोज संध्याकाळी चारशे मीटर चालत जाऊन तो त्या खांबाला अडकवू लागला. एकदा त्याच कंदिलाची काच हातात फुटली आणि उजव्या अंगठ्यात आडवी शिरली. मला फोनवर म्हणाला, “किसन, अंगठ्याचं जाऊ दे, नवी काच परतवाड्यात भेटून नाई राहिली!” असा तो माणूस.

दोन हजार सोळाच्या ऑगस्टमध्ये एका रात्री त्याला तो कंदील दिसला नाही. आता तुम्हीच सांगा, कंदील दिसत नाही म्हणजे काय? ढग दाट आहे, की कंदील विझला? ढग असेल तर एक आकडा, विझला असेल तर दुसरा. खोलीत बसून हे कळायला मार्ग नाही. आणि भगवंत न पाहता लिहिणारा नव्हता. तो पाहायला गेला. तिसऱ्या दिवशी तो खाली सापडला. कंदील सापडला नाही.

रजिस्टरात त्या रात्रीची अडीचची ओळ कोरीच राहिली. यादीतल्या चौथ्या नंबरवर कोणीतरी रेघ मारली, वर नवं यंत्र आणून बसवलं, आणि आठ वर्षांत सगळे ते विसरूनही गेले.

तर त्या रविवारी नागसेन खोकं घेऊन वर पोहोचला तेव्हा पाच वाजले होते. चौकीदार ललित पिशवी घेऊन तयारच होता. “साहेब, सण हाय, पोरं वाट पाहून राह्यले. उद्या रातच्याले येतो,” म्हणाला आणि ढगात शिरला. फाटकाची कडी वाजली, तेवढंच.

नागसेनने खोकं उघडलं. चकत्यांच्या डब्यांवर एक पाकीट होतं. ऑगस्टमध्ये अकरा नोंदी अमान्य. निरीक्षकाच्या नोंदींवर विसंबता येत नाही. सप्टेंबरमध्ये एकही नोंद अमान्य झाल्यास कराराची मुदत वाढवली जाणार नाही. खाली गीतांजली मॅडमची सही.

त्याने ते तीनदा वाचलं. मायाला फोन लावला.

“तुमी त्यायले पायजे ते लिहा ना,” माया म्हणाली. “दिवा दिसला काय अन् नाई दिसला काय, कोनाचं काय अडलं? नोकरी जाईन ना.”

“दिसते तर कसं लिहू नाई म्हनून?”

“मंग पाहूच नका.”

ही तोड काही वाईट नव्हती. पाहिलंच नाही तर खोटं कसलं? एक तारीख होती म्हणून तो गच्चीवर गेला. बाहेरच्या बाजूने लोखंडी शिडी होती, अकरा पायऱ्यांची. नव्या खोक्यातली पहिली डबी उघडली, चिमट्याने कोरी चकती उचलली, नळकांड्यात बसवली, झाकण फिरवलं. पंपाचं बटण बंद असल्याचं दोनदा पाहिलं आणि खाली आला.

साडेअकराची नोंद त्याने बाहेर जाऊन घेतली. फाटकाचा दिवा अंधूक दिसत होता. पश्चिमेला काही नव्हतं. तसं लिहिलं आणि आडवा झाला, पण डोळा लागेना. ते पत्र डोक्यात घुमत होतं. रात्र रात्र जागायचं, भिजायचं, आणि वर लबाड म्हणवून घ्यायचं. बरं मग. त्यांना आकडाच पाहिजे ना? आकडाच देऊ. अडीचला बाहेर जायचंच नाही. पडद्यावर जे असेल ते उतरवायचं आणि झोपायचं. अवस होती, पण त्याचं काही नाही. ढगात सगळ्या रात्री सारख्याच काळ्या असतात.

अडीचचा गजर झाला. तो उठला, ट्यूबलाइट लावली, टेबलाशी बसला. यंत्राच्या पडद्यावर आकडा होता, साठ मीटर.

त्याने रजिस्टर ओढलं. लिहिलं: साठ मीटर. पश्चिमेला दिवा दिसत नाही.

सही केली. आयुष्यात पहिल्यांदा न पाहता लिहिलं. पेनाला टोपण लावलं आणि मान वर केली.

समोर पश्चिमेची खिडकी.

खिडकीत दिवा होता.

बारका, पिवळा. नेहमीसारखाच. त्याने मान वळवली. मनाशी म्हणाला, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आहे काचेत. उठला, ट्यूबलाइट बंद केली. खोलीत यंत्राच्या पडद्याचा निळसर उजेड तेवढा राहिला.

दिवा तिथेच होता.

ठीक आहे. असू दे. चारशे मीटरवर आहे, मला काय करायचंय? तो पडद्याकडे पाहत बसला. पडद्यावरचा आकडा बदलला. चाळीस मीटर. ढग आणखी दाटला होता. म्हणजे दिवा आता दिसायला नको. त्याने हळूच पाहिलं. दिसत होता. उलट जरा मोठा.

मग त्याच्या डोक्यात तो हिशेब आला. रोजचा, साधा हिशेब. चाळीस मीटरच्या पुढचं काही दिसत नाही. दिवा दिसतोय. म्हणजे दिवा चाळीस मीटरच्या आत आहे.

इतके दिवस हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. दिवा चारशे मीटरवर आहे असं तो यादी पाहून धरून चालला होता. यंत्र खोटं बोलत नव्हतं. तोही खोटं बोलत नव्हता. दिवाच… तिथे नव्हता.

पंचवीस मीटर.

ओट्यासमोरच्या खांबावर एक बल्ब होता, पंधरा मीटरवर. तो अजून दिसत होता, धुरकट. त्याच्या थोडा पलीकडे दुसरा, पिवळा. दोनच दिवे. मध्ये ढग.

“कोन हाय?”

आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

“ललित? आला का तू परत?”

…

दहा मीटर.

खांबावरचा बल्ब गेला. विझला नाही. ढगाने गिळला.

पिवळा दिवा राहिला.

पावसाचा आवाज नव्हता. पत्र्यावरची टिपटिप नव्हती. यंत्राचा पंखा फिरत होता, त्याचाही आवाज येत नव्हता. नागसेन खुर्चीवरून उठू शकला असता. आतल्या खोलीत जाऊन कडी लावू शकला असता. तो मला म्हणाला, “काका, मले पयता आलं असतं. पन माह्या समोर ते रजिस्टर उघडं होतं. अन् मले वाटलं, जे कोनी हाय, ते मले नाई पाहून राहिलं. ते माही ओळ वाचून राहिलं.”

दिवा काचेला लागला होता.

कंदीलच होता. काच काजळलेली. वात एकसारखी कापलेली. त्याच्या मागे काही नव्हतं. हात नव्हता. चेहरा नव्हता. फक्त कंदिलाची तारेची कडी वर उभी होती. कोणीतरी धरल्यासारखी… ताठ.

उजेड टेबलावर पडला. रजिस्टरावर. बरोबर त्या ओळीवर.

पश्चिमेला दिवा दिसत नाही.

नागसेनने टोपण काढलं. ते खाली पडून गडगडत गेलं. रजिस्टरात चुकलेली ओळ खोडून काढायची नसते. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. त्याने एक रेघ मारली. सही केली. खाली लिहिलं: दुरुस्ती. अडीच वाजता. पश्चिमेला चौथ्या नंबरचा दिवा दिसतो. अंतर…

इथे पेन थांबलं.

अंतर लिहायचं तर पाहायला हवं.

त्याने मान वर केली. पाहिलं. नीट पाहिलं, जसं पाहायचं असतं तसं.

लिहिलं: एक मीटर.

आणि वात खाली झाली. फुंकर मारल्यासारखी नाही. खालची चावी फिरवून कोणी सावकाश खाली करावी, तशी. पिवळी… तांबडी… गेली.

मग आवाज आला. बाहेरच्या लोखंडी शिडीवर. एक पायरी. दुसरी. तिसरी. ओल्या पायांनी कोणी दमानं चढावं तसा. नागसेन मोजत होता. मोजायचीच सवय त्याला. अकरा पायऱ्या. मग डोक्यावर, गच्चीवर… काही नाही.

उतरल्याचा आवाज आला नाही. तो पहाटेपर्यंत जागा होता. आलाच नाही.

साडेपाचच्या नोंदीला तो बाहेर पडला. ढग विरळ झाला होता, फाटकाचा दिवा दिसत होता, पाऊस नेहमीसारखा बारीक लागला होता. खिडकीखालच्या गवतावर पाऊल नव्हतं. तो शिडीवर चढला. गच्ची रिकामी. पंपाचं बटण बंद. नळकांड्याचं झाकण त्याने फिरवून बसवलं होतं तसंच घट्ट. उघडलं.

कोरी चकती काळी होती.

राखाडी नाही. काळीकुट्ट, काठापासून काठापर्यंत. रॉकेलचा वास. त्याने हातमोजे चढवले, चिमट्याने ती उचलली, डबीत घातली, डबी बंद केली. तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहायची त्याची हिंमत झाली नाही.

आता नोकरीचा प्रश्न इथे आला बघा. खोक्यात एकोणतीस पांढऱ्या चकत्या पडलेल्या होत्या. त्यातली एक काढून कोरी म्हणून पाठवली असती, नंबर चुकून बदलला असं कळवलं असतं, तर कोणाला काय कळणार होतं? रजिस्टराचं पान भिजलं म्हणून नवं लिहिता आलं असतं. मायाने फोनवर तेच सांगितलं, मग रागावली, मग रडली. हा एकच बोलला, “माया, मी एक वेळ न पाहता लिहून पाहिलं. आता माह्यानं होत नाई.” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने पान जसंच्या तसं पाठवलं. रेघ मारलेली ओळ, खालची ओळ, एक मीटर, सगळं. सोबत ती काळी चकती.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अडीचची नोंद अमान्य. कोरी चकती अमान्य; उघड्या हाताने हाताळल्याने दूषित. कराराची मुदत वाढवली जाणार नाही.

तो गीतांजली मॅडमशी फोनवर भांडला. जन्मात पहिल्यांदा कोणाशी तरी आवाज चढवून बोलला. “मॅडम, मी हात नाई लावला! दोन वर्सात एकदाबी चिमट्याशिवाय चकती उचलली नाई मी! तुमी कायच्यावरून म्हनता?” बाई शांतपणे म्हणाल्या, “नागसेन, पुरावा आहे. चकतीवर अंगठ्याचा ठसा आहे. मी काय करू?” आणि खरंच, त्या तरी काय करणार?

सामान घेऊन तो खाली उतरला तो घरी जायच्या आधी इथे आला. रद्द झालेली चकती ऑफिसने परत पाठवली होती, ती घेऊन आला. सगळी हकिगत त्याने त्या खुर्चीत बसून सांगितली. भुताबितावर त्याचा विश्वास नाही, बाबासाहेबांना मानणारं घर, आणि तो भूत म्हणालाही नाही. त्याचं दुःख वेगळंच होतं. “काका, नोकरी गेली त्याचं काई नाई. पन मी लबाडी केली असं लिहून ठेवलं ना त्यायनं. ते आता कायम राहीन.” आणि त्याने उजवा हात माझ्यापुढे धरला. “पाहा. हा माहा अंगठा. अन् हा ठसा. तुमीच सांगा.”

मी चष्मा लावला. बॅटरी पेटवली. त्याचा अंगठा पाहिला. पोराचा अंगठा, साफ, गुळगुळीत, एक ओरखडा नाही.

मग डबी उघडली.

काळ्या काजळीवर, कडेला, उजव्या अंगठ्याचा ठसा होता. ज्या हाताने चकती धरून पाहिली असेल, त्याचा. बारीक बारीक पांढऱ्या रेघा, स्वच्छ उमटलेल्या. मी बराच वेळ पाहत बसलो. नागसेन विचारत होता, “काका, काय झालं? काका?” मी डबीचं झाकण लावलं. सोळा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाला मी ओळखणार नाही का? पण ऑफिसला काय कळवणार? की पोराला सोडा, ठसा दुसऱ्याचा आहे? कोणाचा, म्हणून विचारलं तर?

त्या दिवशी मी त्याला काही सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही. डबी माझ्या कपाटात आहे.

ठशाच्या मधोमध एक आडवी रेघ आहे. तिथे काहीच उमटलेलं नाही. कंदिलाची काच शिरली होती, तिथे.